एकाच काउंटीतल्या चार शाळा : 'चांगली कुठली?' याचं उत्तर इतकं अवघड का?

शाळांची तुलना करणं वरवर पाहता अगदी सोपं काम आहे. परीक्षेचे निकाल घ्या, शाळांची नावं एका रकान्यात लिहा, टक्के दुसऱ्या रकान्यात, आणि वरून खाली लावा. वर असेल ती चांगली, खाली असेल ती वाईट. वर्तमानपत्रं हेच करतात, घर विकणारे दलाल हेच करतात, आणि बरेचदा सरकारही हेच करतं. माझ्या पीएचडीचा बराचसा वेळ मात्र हा तक्ता आपल्याला नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घेण्यात जातो. आजच्या लेखात तेच एका जागेचं उदाहरण घेऊन सांगते.

जागा आहे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली हॅलिफॅक्स काउंटी. 'काउंटी' म्हणजे काय? कामाच्या दृष्टीने आपल्या जिल्ह्यासारखी, आकाराने साधारण एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी, आणि लोकसंख्येने त्याहून कितीतरी लहान. हॅलिफॅक्सचं क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौरस किलोमीटर, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं पन्नास हजारांपेक्षाही थोडी कमी. शेती, जंगल, रोनोक नदी आणि काउंटीतून जाणारा आय-९५ हा मोठा महामार्ग. रोनोक रॅपिड्स हे इथलं सगळ्यात मोठं गाव, एकेकाळचं कापड गिरण्यांचं. या गावातल्या गिरणी कामगारांच्या युनियनच्या लढ्यावर १९७९ साली 'नॉर्मा रे' हा सिनेमा निघाला होता, तो काहींनी पाहिला असेल.

हीच काउंटी का निवडली? कारण शाळांच्या तुलनेत जेवढे म्हणून खड्डे असतात, ते जवळपास सगळे इथे एका जागी सापडतात.

एक काउंटी, तीन कारभार

अमेरिकेत सरकारी शाळा 'स्कूल डिस्ट्रिक्ट' चालवतो. नॉर्थ कॅरोलायनात बहुतेक ठिकाणी एक काउंटी म्हणजे एक डिस्ट्रिक्ट. पण पन्नास हजारांच्या आतल्या या हॅलिफॅक्समध्ये तीन डिस्ट्रिक्ट आहेत : हॅलिफॅक्स काउंटी स्कूल्स, वेल्डन सिटी स्कूल्स आणि रोनोक रॅपिड्स ग्रेडेड स्कूल डिस्ट्रिक्ट. तिघांची बोर्डं वेगळी, सुपरिंटेंडंट वेगळे, शाळा वेगळ्या.

मिडल स्कूल म्हणजे साधारण सहावी ते आठवी. काउंटी डिस्ट्रिक्टमध्ये एनफिल्ड मिडल आणि विल्यम आर. डेव्ही मिडल, वेल्डनमध्ये वेल्डन मिडल आणि रोनोक रॅपिड्समध्ये चॅलोनर मिडल. चारही शाळा एकमेकींपासून गाडीने फार लांब नाहीत. पण आत बसलेली मुलं बघितली तर चित्र बदलतं. काउंटी आणि वेल्डन या दोन डिस्ट्रिक्टमध्ये बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय, तर रोनोक रॅपिड्समध्ये गोऱ्या मुलांचं प्रमाण त्यांच्या कितीतरी पट.

हे काही आपोआप झालेलं नाही. १९६९ मध्ये, काउंटीतल्या शाळांचं एकत्रीकरण व्हायच्या बेतात असताना, राज्याच्या विधिमंडळाने स्कॉटलंड नेक या छोट्या गावासाठी चौथा, स्वतंत्र डिस्ट्रिक्ट काढायचा कायदा केला. तेव्हा काउंटी डिस्ट्रिक्टमधली ७७ टक्के मुलं कृष्णवर्णीय होती. नव्या डिस्ट्रिक्टमध्ये मात्र निम्म्याहून जास्त गोरी असणार होती. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७२ मध्ये न्यायालयाने ही फोड अडवली, कारण त्याने शाळांमधला वर्णभेद मोडायच्या कामात खोडा पडत होता. स्कॉटलंड नेकचा डिस्ट्रिक्ट झाला नाही. आधीपासूनचे तीन मात्र तसेच राहिले.

तेव्हा पहिला मुद्दा हा : 'एकाच काउंटीतल्या शाळा' असं म्हटलं की आपल्याला वाटतं, परिस्थिती सारखीच असणार, म्हणजे निकालातला फरक हा शाळेचाच. पण शाळेची हद्द कुणीतरी कधीतरी आखलेली असते. ती आखतानाच कुठली मुलं कुठल्या वर्गात बसणार, हे बरंचसं ठरून जातं. निकालाचा तक्ता वाचताना ही रेघ दिसत नाही.

पैसा सारखा, पण तरी वेगळा

इथे लगेच कुणीतरी विचारतं, 'मग ज्या शाळा मागे आहेत त्यांना पैसा कमी मिळतो का?' याचं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे, म्हणून सावकाश सांगते.

नॉर्थ कॅरोलायनात शिक्षकांच्या पगाराचा मोठा भाग राज्य देतं. इमारती आणि स्थानिक खर्च काउंटी उचलते. एका काउंटीत एकापेक्षा जास्त डिस्ट्रिक्ट असतील, तर काउंटीने चालू खर्चाचा पैसा दर मुलामागे सारखा वाटायचा, असा नियम आहे. इथपर्यंत ठीक. पण एखाद्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीत शाळेसाठी मालमत्तेवर जादा कर लावलेला असेल तर तो पैसा त्याच डिस्ट्रिक्टला मिळतो. वेल्डन आणि रोनोक रॅपिड्समध्ये असा कर होता, काउंटी डिस्ट्रिक्टमध्ये नव्हता. त्यातून पुढची गोम अशी, की विक्रीकराचा स्थानिक हिस्सा कुणाला किती द्यायचा हे जर अशा मालमत्ता कराच्या प्रमाणात ठरवलं, तर ज्याच्याकडे तो करच नाही त्याच्या वाट्याला त्या हिशेबातून काहीच येत नाही.

२०१५ मध्ये काही पालक आणि नागरी हक्क संघटना याच मुद्द्यावर काउंटीविरुद्ध कोर्टात गेल्या. एका काउंटीत तीन डिस्ट्रिक्ट ठेवल्याने मुलांच्या शिक्षणाच्या हक्कावर गदा येते, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१८ च्या डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यघटनेने ही जबाबदारी काउंटीच्या कमिशनरांवर टाकलेली नाही, ती राज्याची आहे. म्हणजे तक्रार खोटी आहे असं कोर्ट म्हणालं नाही. दार चुकलं, एवढंच म्हणालं.

शिक्षकांचंही असंच. राज्याची वेतनश्रेणी सगळीकडे एकच. पण तिच्यावर प्रत्येक डिस्ट्रिक्ट आपल्या ऐपतीप्रमाणे भर घालतो. शहरी, श्रीमंत काउंट्या जास्त घालतात. राजधानी रॅली इथून गाडीने दीडएक तासावर. चांगला, अनुभवी गणिताचा शिक्षक कुठे टिकेल याचा अंदाज बांधायला पीएचडी लागत नाही. वर्षाच्या मध्येच शिक्षक सोडून गेला की वर्ग बदली शिक्षकावर चालतो, आणि याचा परिणाम निकालात दिसतो. तक्ता मात्र तो परिणाम 'शाळा वाईट' या एकाच खात्यात टाकतो.

टक्के नेमकं काय मोजतात

आता तक्त्याकडेच येऊ. या राज्यात तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा होते. पाचवी आणि आठवीला विज्ञानही असतं. या परीक्षेला 'एंड ऑफ ग्रेड' म्हणतात. किती मुलं ठरलेल्या पातळीच्या वर आली, ते टक्के म्हणजे शाळेचा 'निकाल'.

यात गोची अशी की आठवीच्या मुलाचे गुण हे फक्त आठवीच्या शाळेचे नसतात. त्यात त्याच्या पहिल्या पाच-सहा वर्षांचं शिक्षण आहे, घरात पुस्तकं होती की नव्हती ते आहे, आई रात्रपाळीला जात होती का ते आहे. मिडल स्कूलच्या हातात मूल येतं ते अकराव्या वर्षी आणि जातं चौदाव्या वर्षी. त्याआधीच्या अकरा वर्षांचं श्रेय किंवा दोष आपण त्या तीन वर्षांच्या नावावर मांडतो.

म्हणून संशोधक दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात : पातळी आणि वाढ. पातळी म्हणजे मूल आज कुठे आहे. वाढ म्हणजे शाळेत आल्यापासून ते किती पुढे सरकलं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शाळा 'क' मध्ये सहावीत येणाऱ्या १०० मुलांपैकी ७० पातळीच्या वर होती. आठवी संपताना ६५. शाळा 'ख' मध्ये येताना २५ होती, जाताना ४०. तक्त्यात 'क' समोर ६५ दिसणार आणि 'ख' समोर ४०. सगळे पालक 'क' कडे धावणार. पण तीन वर्षांत मुलांना पुढे कुणी नेलं? 'ख' ने. 'क' ने तर हातात आलेलं थोडं गमावलं.

नॉर्थ कॅरोलायना राज्य वाढ मोजतं, हे मान्य करायला हवं. त्यासाठी 'ईव्हास' नावाचं एक गणिती मॉडेल वापरतात. कल्पना अशी : मुलाचे आधीच्या वर्षांचे गुण बघायचे, राज्यातल्या तशाच मुलांच्या अनुभवावरून यंदा त्याला किती मिळायला हवेत याचा अंदाज करायचा, आणि प्रत्यक्ष गुण त्याच्या वर आले की खाली, ते पाहायचं. शाळेतल्या सगळ्या मुलांचा हा फरक एकत्र केला की शाळेची वाढ कळते. मग शिक्का बसतो : अपेक्षेपेक्षा जास्त, अपेक्षेइतकी, किंवा अपेक्षेपेक्षा कमी.

पण याच राज्यात प्रत्येक शाळेला एक अक्षरी श्रेणीही मिळते : ए, बी, सी, डी किंवा एफ. ही पद्धत २०१३-१४ या शालेय वर्षापासून सुरू झाली. तिच्यात पातळीला ८० टक्के वजन आहे आणि वाढीला २० टक्के. ८५ च्या वर ए, ७० च्या वर बी, ५५ च्या वर सी, ४० च्या वर डी, त्याखाली एफ.

आता आपली काल्पनिक 'ख' शाळा या सूत्रात घाला. पातळीचे ४० गुण, वाढीचे समजा ९०. चाळीसचे ८० टक्के म्हणजे ३२, नव्वदचे २० टक्के म्हणजे १८. बेरीज ५०. श्रेणी डी. आणि 'क' शाळा? पातळी ६५, वाढ समजा ६०. बावन्न अधिक बारा, बेरीज ६४. श्रेणी सी. गंमत पुढेच आहे : 'ख' शाळेला वाढीचे शंभरपैकी शंभर दिले तरी तिची बेरीज ५२ च होते. म्हणजे त्या वर्षी शिक्षकांनी काहीही केलं असतं तरी सी मिळणं गणितानेच अशक्य होतं.

मुलं गरीब घरची असतील, मागून सुरुवात करत असतील, तर श्रेणी बहुतांशी त्यांच्या सुरुवातीचीच असते. श्रेणीचं पत्र मात्र शाळेच्या नावाने निघतं. आणि ज्या शाळेवर डी किंवा एफ लागतं तिथे नोकरीला यायला शिक्षक आणखी कचरतात. हे चक्र कागदावर दिसत नाही, पण खेड्यातल्या शाळेला ते चांगलंच ठाऊक असतं.

लहान शाळेचं नशीब

आता एक मुद्दा जो मला स्वतःला फार आवडतो, आणि खेड्यातल्या शाळांसाठी तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

शाळा लहान असेल तर तिचा निकाल वर्षावर्षाला उड्या मारतो. शिक्षण तेच, शिक्षक तेच, तरी यंदा ४२ टक्के, पुढल्या वर्षी ५५, त्यापुढे ४६. का? कारण प्रत्येक वर्षीची मुलं वेगळी. नाणं दहा वेळा उडवलं तर सात छापे पडणं काही नवल नाही. हजार वेळा उडवून सातशे पडले तर मात्र नाणं तपासा.

हिशेब करून बघू. आठवीत ६० मुलं आहेत आणि 'खरा' निकाल ५० टक्के आहे असं धरा. निव्वळ योगायोगाने यंदाचा आकडा ३७ ते ६३ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही पडू शकतो. म्हणजे अधिक-उणे १३. शाळा मोठी असेल, आठवीत २४० मुलं असतील, तर हीच हालचाल अधिक-उणे ६ वर येते. मुलं चौपट झाली की हेलकावा निम्मा होतो.

याचा परिणाम काय? गुणवत्तेच्या यादीत अगदी वर लहान शाळा दिसतात. आणि अगदी खालीही लहान शाळाच दिसतात. मोठ्या शाळा मधे.

थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या दोन अर्थतज्ज्ञांनी याच नॉर्थ कॅरोलायनाची आकडेवारी घेऊन २००२ साली हे दाखवून दिलं. तेव्हा राज्य दरवर्षी सगळ्यात चांगल्या २५ शाळांचा गौरव करत असे. त्यांनी पाहिलं की काही वर्षांच्या काळात सगळ्यात लहान दहा टक्के शाळांपैकी चारातल्या एकीहून जास्त शाळा कधी ना कधी त्या यादीत झळकल्या. सगळ्यात मोठ्या दहा टक्क्यांतून जेमतेम शंभरात एक. लहान शाळा खरंच एवढ्या भारी होत्या का? तसं असतं तर त्या दरवर्षी वर राहिल्या असत्या. पण एका वर्षी वर गेलेली शाळा पुढल्या वर्षी खाली यायची. निकाल हलवणाऱ्या आणि पुन्हा न घडणाऱ्या गोष्टींचं त्यांनी दिलेलं उदाहरण तर मजेशीर आहे : परीक्षेच्या दिवशी बाहेर कुत्रा भुंकत राहणं.

आपल्याकडेही दहावीच्या निकालानंतर '१०० टक्के निकाल लागलेल्या शाळा' अशी यादी छापून येते. त्या यादीत किती शाळांमधून वीस-पंचवीसच मुलं बसली होती, हे कधीतरी मोजून बघा. बारा मुलांच्या शाळेत सगळी पास होणं आणि चारशे मुलांच्या शाळेत सगळी पास होणं या दोन वेगळ्या घटना आहेत.

मग उपाय? एक, एका वर्षाचा आकडा वापरायचाच नाही. तीन वर्षांची आठवी एकत्र केली की ६० ची १८० मुलं होतात आणि हेलकावा १३ वरून ७ वर येतो. (२०२० मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाल्या नाहीत, त्यामुळे मधे एक भोक आहे, ते लक्षात ठेवावं लागतं.) दोन, आकड्यासोबत त्याची कक्षाही द्यायची. '४६ टक्के' असं न म्हणता '४० ते ५२ च्या दरम्यान' असं म्हणायचं. असं केलं की काउंटीतल्या चार शाळांचा पहिला-दुसरा-तिसरा-चौथा क्रम बरेचदा विरघळतो. एखादी शाळा स्पष्ट वर, बाकीच्या एकमेकींत मिसळलेल्या, इतकंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

इथे एक बारीक गोष्ट. ईव्हास मॉडेल हा हेलकावा विचारात घेतं. शाळेची वाढ योगायोगाच्या पट्ट्याच्या बाहेर असेल तरच 'अपेक्षेपेक्षा जास्त' किंवा 'कमी' म्हणतं. हे योग्यच आहे. पण त्यामुळे लहान शाळेबाबत उलटं घडतं : मुलं कमी, पट्टा रुंद, म्हणून बऱ्याच लहान शाळा 'अपेक्षेइतकी' या मधल्या खणात जाऊन बसतात. साध्या टक्क्यांच्या यादीत ज्या टोकांना फेकल्या जातात, त्याच इथे मधे लपतात. लहान शाळेत खरोखर चांगलं काम चाललं असेल तरी ते सिद्ध व्हायला वेळ लागतो. आणि खरोखर हेळसांड होत असेल तर तीही तितकाच काळ झाकली जाते.

कोण मोजलं गेलं, कोण नाही

तक्ता वाचताना तिसरा प्रश्न विचारायचा तो हा. तीन उदाहरणं देते.

पहिलं, आठवीचं गणित. या राज्यात गणितात पुढे असलेली मुलं आठवीतच 'मॅथ वन' हा हायस्कूलचा विषय घेतात आणि त्याची वेगळी परीक्षा देतात. ती आठवीच्या नेहमीच्या गणिताला बसत नाहीत. म्हणजे जी शाळा जास्त मुलांना मॅथ वनपर्यंत पोचवते, तिचा 'आठवी गणित' हा आकडा पडतो, कारण वरची साय काढून घेतलेली असते. जी शाळा मॅथ वनचा वर्गच चालवत नाही, तिचा आकडा बरा दिसतो. फक्त तो एक रकाना पाहिला तर निष्कर्ष बरोब्बर उलटा निघेल.

दुसरं, गरिबी. अनेक वर्षं अमेरिकेत शाळेची गरिबी मोजायची सोय म्हणजे मोफत किंवा सवलतीचं जेवण घेणाऱ्या मुलांचं प्रमाण. २०१० च्या एका कायद्यानंतर, २०१४-१५ पासून देशभर अशी तरतूद आली की गरीब भागातल्या शाळेने घरोघरचे अर्ज न भरून घेता सगळ्याच मुलांना मोफत जेवण द्यावं. मुलांसाठी उत्तम गोष्ट! 'फुकट जेवणारा' म्हणून कुणी कुणाला चिडवत नाही. पण संशोधकाच्या हातातली मोजपट्टी मोडली. पन्नास टक्के गरीब असलेली शाळा आणि नव्वद टक्के गरीब असलेली शाळा, दोन्ही आता कागदावर 'शंभर टक्के मोफत जेवण' अशा दिसू शकतात. 'आम्ही सारख्या गरिबीच्या शाळांची तुलना केली' असं कुठे वाचलंत तर गरिबी कशी मोजली, हे आधी विचारा.

तिसरं, निघून गेलेली मुलं. हॅलिफॅक्समध्ये सरकारी शाळांच्या बाजूला खासगी आणि चार्टर शाळाही आहेत. चार्टर म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण डिस्ट्रिक्टच्या कारभाराबाहेरची शाळा. हॉबगुड गावातली खासगी शाळा शाळांच्या एकत्रीकरणाच्या काळातली. ती २०१९ मध्ये चार्टर झाली. २०१४ मध्ये 'किप' या देशभरच्या संस्थेची एक चार्टर शाळाही काउंटीत सुरू झाली. कुठलं मूल कुठे जातं, हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे, चौकशी करायला वेळ आहे, ते पालक हलतात. मागे राहिलेल्या शाळेचा निकाल पडला, तर तो शिकवणं बिघडल्याने पडला की मुलं बदलल्याने, हे एका आकड्यातून कळत नाही.

शिवाय खेड्यात आणखी एक अडचण. मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून राज्य दहापेक्षा कमी मुलांच्या गटाचे आकडे झाकतं, आणि ५ टक्क्यांखालचे किंवा ९५ टक्क्यांवरचे नेमके आकडेही सांगत नाही. नियम बरोबरच आहे. पण छोट्या शाळेतली अपंग मुलं, इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं, हॅलिवा-सपोनी या इथल्या मूलनिवासी जमातीची मुलं तक्त्यात नुसत्या चांदणीच्या खुणेमागे जातात. ज्यांच्याबद्दल सगळ्यात आधी कळायला हवं, त्यांच्याबद्दलच कळत नाही.

मग तुलना सोडून द्यायची का?

नाही. आणि इथे मला माझ्याच क्षेत्रातल्या काही लोकांशी थोडं भांडायचं आहे.

'तुलना अवघड आहे' हे वाक्य शाळांच्या बचावाला फार सोयीचं पडतं. गरिबीचा हिशेब करा, फक्त सारख्या शाळांशीच तुलना करा, म्हणजे हॅलिफॅक्सची शाळा शेजारच्या नॉर्थॅम्प्टन, वॉरन किंवा बर्टी काउंटीतल्या शाळेशी ताडून बघा. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. 'ही शाळा आपलं काम कसं करते?' या प्रश्नाला हीच पद्धत योग्य. पण तिच्यात एक धोका आहे. 'तुमच्यासारख्यांमध्ये तुम्ही बरे आहात' असं म्हणत म्हणत आपण ठरवून टाकतो की गरीब घरच्या मुलाने एवढंच वाचावं.

आणि या काउंटीचा इतिहास नेमका याच प्रश्नाभोवती फिरतो. १९९४ मध्ये पाच गरीब, बहुतांशी ग्रामीण काउंट्यांचे डिस्ट्रिक्ट, पालक आणि मुलं राज्याविरुद्ध कोर्टात गेली. हॅलिफॅक्स त्यांतलाच एक डिस्ट्रिक्ट. हा खटला 'लिआंड्रो' म्हणून ओळखला जातो. १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळीकडे समान खर्च झालाच पाहिजे असं राज्यघटना म्हणत नाही, पण प्रत्येक मुलाला किमान भक्कम असं मूलभूत शिक्षण मिळण्याचा हक्क मात्र आहे. २००९ मध्ये हा खटला पाहणाऱ्या न्यायाधीशांनी हॅलिफॅक्स काउंटी डिस्ट्रिक्टमध्ये मुलांचा शैक्षणिक वंशसंहार चालला आहे इतक्या कडक शब्दांत सुनावलं आणि राज्याला तिथे थेट लक्ष घालायला लावलं.

बघा, हा हक्क तुलनेचा नाही. 'शेजारच्या काउंटीइतकं' किंवा 'अंदाजाइतकं' असं त्यात नाही. चौदा वर्षांच्या मुलीला विज्ञानाचा धडा वाचून कळला पाहिजे, अपूर्णांकांचा व्यवहार जमला पाहिजे. 'तुझी वाढ राज्याच्या अपेक्षेपेक्षा जास्त झाली' हे तिच्या शिक्षकांना सांगायला ठीक आहे, त्यांच्यासाठी ते खरंच मोलाचं आहे. पण तिला वाचता येत नसेल तर या वाक्याचा तिला काय उपयोग?

म्हणून मी दोन प्रश्न दोन वेगळ्या खिशांत ठेवते.

'शाळा तिचं काम कसं करते आहे?' यासाठी वाढ बघायची, अनेक वर्षांची, कक्षेसकट, सारख्या शाळांशी ताडून. दोष किंवा श्रेय द्यायचं ते यावरूनच.

'मुलांना त्यांचं देणं मिळतंय का?' यासाठी पातळी बघायची, कसलाही हिशेब न लावता, उघडी. यातून शाळेला दोष देता येत नाही. पण मदत कुठे पाठवायची, अनुभवी शिक्षक कुठे द्यायचे, पैसा कुठे वळवायचा, हे यावरूनच कळतं. आणि याचं उत्तर मुख्याध्यापकांना नाही, राज्याला विचारायचं.

अक्षरी श्रेणीचा घोटाळा हाच आहे. ती या दोन्ही प्रश्नांची ८० आणि २० अशी भेळ करते आणि मग उत्तराची पाटी एकट्या शाळेच्या गळ्यात अडकवते.

तक्ता हातात आला तर

हे सगळं लक्षात ठेवायला अवघड वाटत असेल तर एवढे पाच प्रश्न पुरेत. अमेरिकेतली काउंटी असो की आपल्याकडचा तालुका, चालतात.

१. किती मुलांवरून हा आकडा काढला? साठच्या आत असतील तर एका वर्षाच्या फरकावर फार विसंबू नका.

२. हा आकडा पातळीचा आहे की वाढीचा?

३. परीक्षेला कोण बसलं, कोण बसलं नाही? आपल्याकडे शिष्यवृत्ती परीक्षेचे निकाल वाचताना हा प्रश्न हमखास विचारा. निवडक दहा मुलं बसवणारी शाळा आणि अख्खा वर्ग बसवणारी शाळा एकाच यादीत असतात.

४. 'सारख्या' शाळा म्हणजे कशात सारख्या, आणि ते कसं मोजलं?

५. शाळेची हद्द कुणी आखली, आणि त्या हद्दीसोबत पैसा आणि शिक्षक कुठे गेले?

पाचवा प्रश्न संख्याशास्त्राचा नाही. पण हॅलिफॅक्समध्ये पहिल्या चार प्रश्नांची बरीचशी उत्तरं त्याच्यापाशीच येऊन थांबतात.

पुढच्या लेखात ईव्हाससारखी मॉडेलं आतून कशी चालतात, आणि त्यांवरून एकेका शिक्षकाला गुण देणं का वादाचं ठरलं, ते बघू. गणित कमीत कमी ठेवेन. काही शंका असतील तर जरूर विचारा.